चाकाला चुना लावणारी आक्का

आक्का माणसाचं तोंड नंतर बघायची, आधी त्याच्या गाडीची चाकं बघायची. दवाखान्याच्या दारात कुणी मोटारसायकल लावली की ती खिडकीतूनच टायरवर नजर टाकायची आणि माणूस आत येईपर्यंत त्याच्याविषयी तिचं मत तयार झालेलं असायचं. तिच्या भाचीला बघायला चिकोडीकडची मंडळी आली होती. आत पोहे चाललेले, मुलगा मान खाली घालून बसलेला, आणि आक्का अंगणात त्यांच्या गाडीभोवती फिरत होती. मग आत येऊन बहिणीला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरगा बरा हाय. पण पुढचं टायर एकाच अंगानं झिजलंय. घरात कुणाचं कशाकडं लक्ष न्हाय बघ." लग्न ठरलं. वर्षभरानं माहेरी आलेली भाची सांगत होती की सासरी माणसं फार मायेची आहेत, फक्त दूध रोज उतू जातं.

आक्का जनावरांची डॉक्टर. मूळची निपाणीची. तिची आई तिथल्या तंबाखूच्या वखारीत कामाला होती आणि तंबाखूच्या उडत्या खकाण्यात शिंकत शिंकत तिनं दोन्ही पोरींना शिकवलं. शिक्षण झाल्यावर आक्कानं खानापुरात दवाखाना घातला, आईला जवळ आणलं आणि लग्नाचा विषय काढणाऱ्या प्रत्येकाला जनावराचं काहीतरी विचारून वाटेला लावलं. मी तिच्याकडे कामाला लागले तेव्हा माझी मुलं शाळेत जात होती आणि नवरा बेळगावात फौंड्रीत होता. जनावरांच्या प्रथमोपचाराचं एक शिक्षण मी घेतलं होतं, पण घरून परवानगी मिळेना. बायामाणसानं बैलाच्या मागं उभं राहायचं का, असा सासूबाईंचा सवाल होता. आक्का स्वतः आमच्या घरी आली, चहा प्याली आणि सासूबाईंना शांतपणे म्हणाली, "मागं न्हाय उभं करत ओ मी तिला. मागं उभं राहिलं तर लाथ बसती. बाजूला उभं करतो." सासूबाईंना ते पटलं. पहिल्या दिवशी मी तिला मॅडम म्हणाले, तर मॅडम ऐकून गाई बिचकतात म्हणाली. तेव्हापासून आक्का.

आमची बरीचशी कामं जांबोटीच्या अंगाला असायची. डांबरी सोडली की भातखाचरं, मग रान, आणि रानात चार-चार घरांच्या वाड्या. तिथं जायला आक्कानं एक जुनी जीप घेतली होती. वर ताडपत्री, बाजूला काही नाही. पावसाळ्यात आत बसलं काय आणि बाहेर चाललं काय, भिजायचं तेवढंच. वाड्यांवरची माणसं तिला जीपआक्का म्हणत. जीप फोर व्हील होती, पण तिची चाकं इतकी बारकी की पोट जवळजवळ जमिनीला टेकायचं, आणि चिखलात चाकं फिरत राहायची नि जीप पोटावर बसून राहायची.

एका पावसाळ्यात आम्ही खांदा सुजलेला बैल बघायला गेलो. आक्कानं औषध दिलं, लेप लावला आणि मालकाला बजावून सांगितलं की सूज उतरेपर्यंत याच्या मानेवर जू ठेवायचं नाही, कुणी कितीही गळ घातली तरी. एवढं सांगून आम्ही निघालो आणि वाडीच्या तोंडालाच जीप रुतली. वाडीत बैलजोडी ती एकच. मालक छत्री घेऊन आला, रुतलेल्या चाकांकडे बघत थोडा वेळ उभा राहिला आणि अतिशय निरागस चेहऱ्यानं त्यानं विचारलं, "मग काय करू आक्का? आराम देऊ का जुपू?" शेवटी वाडीतल्या गड्यांनी आणि बायांनी मिळून जीप ढकलून काढली. आम्ही जांबोटीला पोचायच्या आधी ही गोष्ट तिथं पोचली होती. चहाच्या टपरीवर प्रत्येक जण बैलाची तब्येत विचारत होता. आक्कानं चहा अर्धाच ठेवून जीप घराकडं काढली. जीप दारात लावल्यावर म्हणाली, "चाकं मोठी करायची."

त्यानंतर आक्काच्या घराला आणि दवाखान्याला चाकांशिवाय विषय राहिला नाही. बेळगावात जुन्या सामानाच्या बाजारात तिला कुठल्याशा दांडग्या गाडीची चाकं दिसली. टायर डिस्कसकट, म्हणजे आतल्या लोखंडी चकतीसकट, कमरेला लागतील एवढी. बघताक्षणी त्यांच्यावर तिचं मन बसलं. टेम्पोत घालून ती खानापुरात आणली. शेजारपाजारचे जमले. जीप जॅकवर चढवली, जुनं चाक काढलं, नवं उचलून लावायला गेलो, तर जीपला बोल्ट पाच आणि नव्या डिस्कला भोकं सहा. आम्ही ते चाक सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलं. फिरवून भोकं कमी होत नाहीत. आक्का भोकं परत मोजून म्हणाली, "एक जास्तच हाय की." तिची आई पायरीवर बसून तंबाखू मळत होती. ती म्हणाली की जास्त आहे ते जास्तच असतं, कमी असतं तर वाईट वाटून घ्यायचं. ती चाकं मग अंगणात पडली. आईनं टायर काढून घेऊन त्यांच्या डिस्कमध्ये माती भरली आणि कोथिंबीर नि मिरच्या लावल्या. त्या वर्षी आम्ही कोथिंबीर विकत आणली नाही.

दुसऱ्या खेपेला आक्का शहाणी झाली होती. बेळगावात बसाप्पा म्हणून एक टायरवाला होता, त्याच्या दुकानात गेल्या गेल्या तिनं आधी भोकं मोजली. पाच. बसाप्पा घरी कानडी, दुकानात मराठी आणि गिऱ्हाईक अडून बसलं की हिंदी बोलायचा. त्यानं रुंद, उंच, रेड्यासारखी चार चाकं दाखवली. ही जीपला बसतील का, असं आक्कानं विचारलं, तर म्हणाला, "बसतंय की ओ मॅडम. न बसायला काय झालंय त्याला?" आणि बसली. जीप एकदम पैलवानासारखी दिसायला लागली. बेळगावहून खानापूरपर्यंत आक्काचं तोंड इतकं खुललं होतं की समोरून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरलाही तिनं हात केला. रस्ता सरळ होता. घराच्या गल्लीत शिरायला तिनं स्टेअरिंग उजवीकडे पुरतं फिरवलं आणि पुढून घर्रर्र असा आवाज आला. कुत्री पळाली. चाक आतल्या बाजूनं स्प्रिंगच्या पाट्यांना घासत होतं आणि बाहेरच्या बाजूनं मडगार्डला.

बसाप्पानं खोटं सांगितलं नव्हतं. चाकं बसली होती. वळत नव्हती, एवढंच. डावीकडे जेमतेम वळायची, उजवीकडे अजिबात नाही. तेव्हा आक्कानं ठरवलं की काही दिवस उजवीकडे वळायचंच नाही. उजव्या हाताचं काम निघालं की आम्ही डावीकडे, परत डावीकडे आणि परत डावीकडे असे गावाला वळसा घालून तिथं पोचायचो. माझ्या नवऱ्याला हे कळल्यावर त्याला हसू आवरेना, पण पुढच्या रविवारी तोच आमच्याबरोबर बाजाराला आला आणि तीच प्रदक्षिणा घालून आला.

शिवाय जीप इतकी उंच झाली होती की आईला चढता येईना. मग एक स्टूल गाडीत ठेवलं. आई स्टुलावर चढून आत बसायची आणि स्टूल खालीच राहायचं. अशी आमची दोन स्टुलं गेली. "ही गाडी हाय का माळा?" असं ती प्रत्येक वेळी विचारायची. चढावर तर आणखी कठीण. मोठ्या, जड चाकांना फिरवायला इंजिनाचा जोर पुरेना. जांबोटीच्या वाटेवर एका चढाला आम्ही पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत होतो आणि डोक्यावर जळणाचे भारे घेतलेल्या बाया आमच्या बाजूनं पुढं गेल्या. त्यातल्या एकीनं मागं वळून, हात लावू का, असं विचारलं. ती चेष्टा करत नव्हती, हे जास्त लागलं.

कडेलोट झाला तो पंक्चरला. आक्कानं मोठी चाकं चार घेतली होती आणि मागची स्टेपनी जुनीच, बारकी राहिली होती. पंक्चर झालेलं मोठं चाक उतरवलं, बारकं चढवलं, आणि जीप एका कोपऱ्यात खाली मान घातल्यासारखी लंगडत खानापुरात शिरली. एक म्हातारा शेतकरी आपल्या शेळीला घेऊन दवाखान्याबाहेर थांबला होता. त्यानं जीपकडे बघितलं, शेळीकडे बघितलं आणि म्हणाला, "आधी हिला बघा आक्का. माझी शेळी थांबंल."

त्या संध्याकाळी आक्का अंगणात जीपसमोर नुसती बसून होती. मला वाटलं आता ती नाद सोडेल. पण ती मोठ्यानं विचार करत होती. म्हणाली की आपण चाक बघितलं, गाडी बघितलीच नाही. जनावराला खूर मोठा लावून देता येत नाही, खुराला पाय बघावा लागतो, पायाला खांदा. मग ती उठली, गाडीखाली शिरली आणि तिथूनच मला म्हणाली, "आईची चुन्याची डबी आण गं."

आईची तंबाखू-चुन्याची डबी मागणं म्हणजे दुसऱ्या घरात देव्हाऱ्याला हात लावण्यासारखं होतं. मी गुपचूप आणली. आक्कानं पुढच्या चाकाच्या दोन्ही कडांना चुना फासला, मला स्टेअरिंग पुरतं फिरवायला लावलं, चाक दगडावर चढवायला लावलं, म्हणजे एका बाजूला जीप दबेल, आणि मग खाली वाकून कुठं कुठं पांढरं उमटलं ते बघत बसली. पांढरं उमटलं म्हणजे तिथं घासतं. पाट्यांवर एक डाग, मडगार्डच्या आत एक, ब्रेकच्या नळीच्या अगदी जवळ एक. तो तिसरा डाग तिनं बोटानं पुसून परत बघितला. आणखी थोडे दिवस असंच चाललं असतं तर कुठल्या तरी उतारावर नळी फाटून ब्रेक गेला असता. रुंद चाकं तिनं त्याच दिवशी उतरवली. तोवर आईला डबी रिकामी सापडली होती. आक्कानं गाडीला चुना लावला म्हटल्यावर ती म्हणाली, "इतके दिस गाडीनं तुला लावला. आता फिटलं."

बसाप्पाच्या दुकानातली तिसरी खेप मला अजून आठवते. आक्का स्टूल ओढून बसली आणि एकेक विचारायला लागली. पाच भोकं आहेत, पण भोकांमधलं अंतर जीपचंच आहे का? मधलं मोठं भोक आसाच्या टोकाच्या हबवर घट्ट बसतं का, की सगळा भार बोल्टवर येणार? डिस्क बाहेर किती येते, आत किती जाते? टायर किती वजन पेलतं? बसाप्पानं परत रुंद टायर पुढं केलं, चिखलात रुंदच पाहिजे म्हणाला. आक्कानं मान हलवली. जांबोटीकडचा चिखल वरवरचा, खाली मुरूम आहे, रुंद चाक वरच तरंगत घसरतं, अरुंद चाक चिखल कापून मुरमाला टेकतं, असं तिचं म्हणणं. तिला हवं होतं जुन्यापेक्षा थोडंच उंच, तेवढंच अरुंद, आणि चार नव्हे, स्टेपनीसकट पाच. बसाप्पा घामाघूम झाला. "पोरगी द्यायला पण एवढं इचारत न्हाईत ओ मॅडम," तो म्हणाला. आक्का म्हणाली की म्हणूनच तर घरोघर दूध उतू जातं. बसाप्पाला ते कळलं नाही, पण त्यानं रुंद चाकं परत घेतली आणि सदलग्याच्या एका हौशी तरुणाला विकली. त्याला उजवीकडे वळायला लागतं की नाही, ते आम्ही विचारलं नाही.

नवी चाकं बघायला कुणीही जमलं नाही. बघण्यासारखं काही नव्हतंच. जीप आधीपेक्षा चार बोटं उंच, एवढाच फरक. आक्कानं परत चुना लावून, फिरवून, दगडावर चढवून बघितलं. या वेळी चुना आईनं स्वतः दिला. डाग कुठंच उमटला नाही.

मग पुढचा पावसाळा आला. जांबोटीच्या पलीकडच्या एका वाडीवरून सकाळी फोन आला की पारूबाईची म्हैस अडलीय. पारूबाई एकटीच्या जिवावर घर चालवणारी, मुलगा गोव्यात कामाला, घरात गरोदर सून आणि ही म्हैस. आम्ही निघालो तर आई आधीच मागं बसलेली. तिचा चुना सत्कारणी लागला की नाही ते तिला बघायचं होतं. चिखलाचे दोन टप्पे जीपनं असे पार केले की आक्कानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, इतकी ती खूश होती. पुढं ओढा लागला. तांबडं पाणी भरून चाललेलं. पलीकडच्या काठावर वाडीतली माणसं उभी होती. आता आक्का जीप घालणार, हे बघायला.

आक्का खाली उतरली, काठी घेऊन पाण्यात शिरली. गुडघ्याच्या वर पाणी आल्यावर पाय सरकला तशी ती मागं फिरली आणि जीपचं इंजिन बंद केलं. पलीकडून कुणीतरी ओरडलं की एवढी मोठी चाकं कशाला केलीस मग. तिनं औषधांची पेटी उचलली आणि मला म्हणाली, "चाक मोठं केलं म्हणून वढा बारका व्हत न्हाय. चल." आम्ही वरच्या अंगाच्या लाकडी साकवावरून चालत गेलो. आई जीपमध्ये राहिली.

पारडाची मान मागं वळली होती. आक्का खांद्यापर्यंत हात घालून कितीतरी वेळ झटत होती, मी म्हशीला धरून, पारूबाई गरम पाणी आणून देत. शेवटी पारडी बाहेर आली, ओली, लुळी, आणि नाकात गवताची काडी फिरवल्यावर शिंकली. पारूबाई रडायला लागली. तेवढ्यात दाराशी उभी असलेली तिची सून खाली बसली. आधी आम्हाला वाटलं आनंदानं बसली. मग तिनं दोन्ही हातांनी पोट धरलं. दिवस भरायला अजून अवकाश होता.

आक्काला मी इतक्या वर्षांत कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. तिनं हात धुतले, सुनेच्या पोटावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "हे माझं काम न्हाय," ती म्हणाली. "हिला खानापूर गाठायला पायजे." रुग्णवाहिका कधी येईल ठाऊक नव्हतं, आणि आली तरी डांबरी संपेपर्यंतच, पुढचा चिखल तिला जमणारा नव्हता. गड्यांनी खुर्चीला बांबू बांधले, सुनेला बसवलं आणि साकवावरून पलीकडे आणलं. स्टुलाशिवाय कधी न चढणारी-उतरणारी आई तोवर आपली आपण खाली उतरली होती. मागची सीट मोकळी करून, जुनी पोती आणि स्वतःची शाल अंथरून ती उभी होती. सुनेचं डोकं तिनं मांडीवर घेतलं.

परतीच्या वाटेला पाऊस वाढला होता. पूर्वी असल्या ठिकाणी जीप पोटावर बसायची, तिथं आता चाकं चिखल कापत खाली गेली, मुरमाला टेकली आणि हळूहळू पुढं सरकली. चढाला एक उजवं वळण होतं, एका बाजूला दरड, एका बाजूला घसरण. आक्कानं स्टेअरिंग पुरतं फिरवलं. मी कान देऊन ऐकत होते. पावसाशिवाय कसला आवाज नव्हता. वाटभर ती जीप अशी चालवत होती, जशी पाण्यानं काठोकाठ भरलेली घागर डोक्यावर घेतलीय. मागं आई त्या सुनेला वखारीतल्या गोष्टी सांगत होती, कोण कशी शिंकायची त्याच्या नकला करून. कळ येत होती तरी ती पोरगी मधेच हसत होती.

खानापूरच्या सरकारी दवाखान्यात तासाभरात तिला मुलगी झाली. नाजूक, पण रडायला खणखणीत. आक्का बाहेर पायरीवर बसली होती. अंगावर म्हशीचं रक्त नि चिखल तसाच. मी शेजारी बसले तर म्हणाली की म्हैस अडली तर आपल्याला काय करायचं ते ठाऊक असतं, माणसाचं भ्याव वाटतं. आई बाहेर आली, तिनं तंबाखू मळली आणि जीपकडे बघत म्हणाली, "लई हालली न्हाय गाडी." आक्कानं तोंड वळवून घेतलं. आईच्या तोंडून जीपचं कौतुक तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

पुढं काही वर्षांनी आईला निपाणीची ओढ लागली. आपली गल्ली, आपल्या वखारीतल्या राहिलेल्या चार मैत्रिणी, आपला बुद्धविहार. आक्काचे गुडघेही क्लच दाबून दाबून बोलायला लागले होते. तिनं जीप वाडीवाल्यांना देऊन टाकली, दवाखान्याची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि एका सकाळी दोघी मायलेकी बसनं निपाणीला गेल्या. खिडकीतून वाकून मला म्हणाली, "औषधं संपायच्या आधी आणत जा. आणि बाजूला उभी राहा." बस सुटली तेव्हा ती सरळ समोर बघत होती. मी मात्र बस वळेपर्यंत उभी होते आणि मग किती तरी दिवस दवाखान्यात तिच्या खुर्चीवर बसले नाही.

तिच्यामाघारी पहिलं अवघड काम आलं ते गावाजवळच्याच एका शेतकऱ्याचं. त्याची गाय ओला चारा खाऊन फुगली होती. मी पोचले तेव्हा घरातली सगळी अंगणात, आणि सगळ्यांची नजर माझ्या मागं, अजून कुणी येतंय का ते बघत. मी गोठ्याच्या मागं जाऊन आक्काला फोन लावला. ती म्हणाली, "मी निपाणीत हाय. जनावर तुझ्यासमोर हाय. तू सांग." मी सांगितलं, डावी कूस फुगलीय, रवंथ नाही, पण गाय उभी आहे. मग काय करशील, असं तिनं विचारलं. आधी काय, नंतर काय, आणि उतार पडला नाही तर काय, ते मी सांगितलं. ती पूर्ण ऐकून घेत होती. सांगून झाल्यावर म्हणाली, "मग मला फोन कशाला केलास गं?" आणि तिनं फोन ठेवून दिला.

मी अंगणात परत आले. शेतकऱ्यानं विचारलं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?

"गाय धरा म्हणाली," मी सांगितलं आणि बाह्या वर सारल्या.